तीन पळ्या तीर्थ

शेषाद्रीच्या पोटात पंधरा दिवस दुखत होतं, आणि हे दुखणं डॉक्टरला दाखवण्यातलं नव्हतं. दुखण्याचं मूळ त्याच्या दुकानापासून चाळीस पावलांवर, रस्त्याच्या पलीकडे, काचेच्या दाराआड बसलेलं होतं. मूळ सव्वीस वर्षांचं होतं, त्याचं नाव मधुमिता, आणि ते त्याच्या सख्ख्या धाकट्या भावाचं, कृष्णमूर्तीचं, लेकरू होतं. परक्याचं असतं तर निदान उघड शिव्या तरी देता आल्या असत्या.

कुंभकोणमात महामहम तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर शेषाद्री बत्तीस वर्षं मोपेड दुरुस्त करत होता. गाडी कोपऱ्यावर वळली की नुसत्या आवाजावरून तो सांगायचा, प्लग गेलाय की कार्बोरेटरमध्ये कचरा अडकलाय. आडुतुरैचे शेतकरी, तिरुप्पनंदाळच्या मठातले कारकून, सगळे त्याचं नाव काढत यायचे. मग या विजेच्या गाड्या आल्या. त्यांना आवाजच नव्हता. जी गाडी तोंडातून ब्र काढत नाही तिची तब्येत विचारायची कशी? शेषाद्री त्यांचे टायर बदलायचा, ब्रेक आवळायचा, आणि उरलेलं 'कंपनीचं काम' म्हणून हात झटकायचा.

मधुमिताने नेमकं ते उरलेलंच हातात घेतलं. कोइंबतूरला डिप्लोमा, होसूरला एका कारखान्यात चार वर्षं, आणि गेल्या वर्षी गावी परत येऊन हे दुकान. दुकान कसलं, दवाखानाच तो. पांढऱ्या भिंती, खाली रबराची चटई, हातात मोजे, गिऱ्हाइकाला बसायला खुर्च्या. शेषाद्री आपल्या स्टुलावरून दिवसभर तिकडेच बघत बसायचा. तिच्याकडे कोण आलं, किती वेळ बसलं, जाताना हसत गेलं की कसं, हे त्याला तोंडपाठ असायचं. त्याच्या स्वतःच्या दुकानात आलेल्या माणसाला मात्र खाकरून आपण आलोय ते सांगावं लागे.

घरातसुद्धा फितुरी होती. त्याची बायको पंकजा सकाळी अकराला कॉफीचा पितळी कुजा घेऊन निघायची ती आधी मधूकडे शिरायची.

"तिचं दुकान आधीं लागतं, त्यास मी काय करूं?" ती म्हणायची.

खरंच होतं ते. पण तिथल्या गप्पा आटपून कुजा रस्ता ओलांडेपर्यंत कॉफी कोमट व्हायची, आणि कोमट कॉफी पिऊन कुंभकोणमातल्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहील ही अपेक्षाच चुकीची आहे.

हेही सगळं त्याने गिळलं असतं. पण आता प्रश्न नऊ गाड्यांचा होता. तिरुक्करुगावूरला बाळंतपणाचा एक लहानसा दवाखाना आहे. तिथल्या नऊ नर्स मोपेडवरून खेडोपाडी गरोदर बायकांना तपासायला जातात. गाड्या पेट्रोलच्या होत्या तोवर वीस वर्षं त्या शेषाद्रीच्याच हाताखालून गेल्या. मुख्य नर्स जयलक्ष्मीबाई कुंभकोणमच्याच, शेषाद्रीसारख्याच तंजावरी मराठी घरातल्या. त्यांचा त्याच्यावर पूर्ण भरवसा. यंदा दवाखान्याने सगळ्या गाड्या विजेच्या घेतल्या आणि सहा महिने निम्मं काम याच्याकडे, निम्मं तिच्याकडे असा घोळ चालला. शेवटी बाई कंटाळल्या. "दोघांच्या हातांत एक वंडी नको," त्या म्हणाल्या. वंडी म्हणजे गाडी. हा तमिळ शब्द त्यांच्या मराठीत इतका मुरलाय की तो आपला नाही हे कुणाला आठवतही नाही. "पुढल्या शनिवारीं सांगतें, कोणाकडे ठेवायच्या तें."

त्या शनिवारवर शेषाद्रीची अब्रू टांगलेली होती. नऊ गाड्या गेल्या की त्याच्या वाट्याला नुसती पंक्चरं उरणार होती, आणि त्या गाड्या रोज त्याच्या नाकासमोरून पलीकडच्या काचेत शिरताना बघणं हेही.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं, कारण त्याचा शेवटचा सुखाचा दिवस तो. त्या दिवशी सगळ्या गावात रिक्षापासून रोड रोलरपर्यंत झाडून साऱ्यांना चंदन-कुंकू लागतं. पण शेषाद्रीच्या घरची रीत वेगळी. त्याचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या सिलेखान्यावर, म्हणजे हत्यारांच्या कोठारावर होते. राजे गेले, तलवारी गेल्या, हत्याराला स्नान घालण्याची रीत तेवढी राहिली, आणि ती घरातल्या थोरल्याने करायची. तांब्यात हळदीचं पाणी, त्यात अक्षता, हातात पळी. मुठीवर तीन पळ्या, पात्यावर तीन, मुखात तीन. गाडीचं हँडल ती मूठ आणि चाक ते पातं. पेट्रोलच्या गाडीचं मुख म्हणजे टाकीचं झाकण, त्याच्यावर वरूनच पळी सोडायची.

यंदा नऊ विजेच्या गाड्या दारात ओळीने उभ्या राहिल्या तेव्हा मुख कुठलं हा प्रश्न आला. शेषाद्रीने सीट उचलली, चार्जिंगच्या सॉकेटवरचं रबरी झाकण अंगठ्याने उघडलं आणि ठरवलं की गाडी जिथून जेवते ते मुख. आत पेट्रोल नव्हतं, तेल नव्हतं, नासण्यासारखं काही दिसत नव्हतं. मधुमिता त्या दिवशी आजोळी तंजावरला गेली होती, हेही त्याला बरंच वाटलं. नर्सबाया बघत होत्या. गाड्या कोणाच्या हातच्या आहेत ते सगळ्यांना कळावं म्हणून त्याने प्रत्येक मुखात काठोकाठ भरलेल्या तीन पळ्या सोडल्या, मंत्र मोठ्याने म्हटला आणि झाकण नीट लावलं. हेच पाणी कोणी नळीने मारलं असतं तर शेषाद्रीने त्याचा हात धरला असता. पण तीर्थाला पाणी म्हणायची त्याच्या घरात पद्धतच नव्हती.

तिथून पुढे सगळं फिसकटलं. तिसऱ्या दिवशी नित्या नावाच्या नर्सची गाडी चार्ज होईना. ती सरळ मधुमिताकडे गेली. लगेच दुसऱ्या दिवशी मधुमिताने दवाखान्यात निरोप धाडला, सगळ्या गाड्या दोन-दोन करून आणा, पावसाळी तपासणी फुकट करून देते.

शेषाद्रीच्या अंगाचा तिळपापड झाला. आभाळात औषधाला ढग नव्हता आणि हिची पावसाळी तपासणी! शनिवार यायच्या आत गाड्या दावणीला बांधून घेण्याची ही युक्ती न कळण्याइतका तो दुधखुळा नव्हता. भरीस भर म्हणजे त्या गाड्या आत घेतल्या की पोरगी काचेवर पडदा ओढून घ्यायची. एवढं काय लपवायचं असतं? तो एकदा स्क्रू मागायचं निमित्त करून आत शिरला, तर तिने झटकन समोरच्या गाडीची सीट खाली पाडली आणि हसली. ते हसणं त्याला चांगलंच झोंबलं. निघताना कोनाड्यातल्या देवीच्या तसबिरीकडे त्याचं लक्ष गेलं. पुढे स्टीलची वाटी, आणि वाटीत काळपट-पिवळे, कुजक्यासारखे चार-पाच तांदूळ. एवढी शिकलेली, पण देवीपुढे ताज्या अक्षता ठेवायची अक्कल नाही, असं तो घरी येऊन पंकजाला म्हणाला. त्या रात्री त्याला जेवण गोड लागलं.

मग पाऊस आला, आणि आला तो धो धो. शुक्रवारी दुपारी जयलक्ष्मीबाई भिजत, गाडी ढकलत रस्त्यावर दिसल्या. एकट्या त्यांचीच गाडी तपासणीला गेली नव्हती; त्यांना वेळच मिळाला नव्हता. शेषाद्री छत्री घेऊन धावला.

"राहूं द्या, शेषाद्रीराव," बाई म्हणाल्या. "करंटचं काम दिसतं. मधूस दाखवतें." आणि गाडी त्याच्या दारावरून पुढे गेली.

तोही मागोमाग गेला. मधुमिताने गाडी आडोशाला घेतली, सीटखालचा खटका पाडला, बॅटरी सोडवून बाजूला ठेवली. गाडी नीट उघडूनही बघितली नाही. "पावसाचं पाणी गेलं, आक्का," ती म्हणाली. "चार्जिंगास अजिबात लावूं नका. उद्यां दुपारीं उघडून वाळवतें. तुम्ही घरीं जा."

शेषाद्री मात्र वाकून गाडी बघत होता. चोरासारखा, पण कारागिराच्या डोळ्यांनी. पावसाचं पाणी एकटं जात नाही, चिखल घेऊन जातं. चाकांवर चिखल होता, मडगार्डवर होता, पाय ठेवायच्या फळीपर्यंत होता. त्याच्या वर एक ठिपका नाही. सीटच्या कडेचं रबर आतून कोरडं.

"आक्का, ही वंडी पहिल्यांदा कधीं अडली?" त्याने रिक्षाची वाट बघणाऱ्या बाईंना हळूच विचारलं.

"दसऱ्याच्या दिवशींच. पापनाशमच्या फाट्यावर. पुढचा दिवा लुकलुक करून बंद पडली, घटकेनें आपली आपण सुरू झाली. तेव्हांपासून रोज काहीं ना काहीं."

दसऱ्याला! दसऱ्यानंतर बारा दिवस गावात थेंब पडला नव्हता. म्हणजे हा पाऊस नव्हेच. बॅटरीच मुळात खराब असणार, आणि या शहाणीला ते ओळखता आलं नाही, की ओळखून झाकायचं होतं, देव जाणे. शेषाद्रीला इतका आनंद झाला की तो उरलेली दुपार गात होता. संध्याकाळपर्यंत समोरच्या कॉफी क्लबात, पानवाल्याकडे, पितळी भांड्यांच्या दुकानात सगळीकडे त्याने सांगून टाकलं: काचेच्या दाराआड बसलं म्हणून विद्या येत नाही. उद्या दहाला या, दाखवतो.

शनिवारी दहाला जयलक्ष्मीबाई निर्णय सांगायला आल्या त्याआधीच तो मधुमिताच्या दारात उभा होता, हातात स्वतःचा स्क्रूड्रायव्हर घेऊन. मागे पायरीवर कॉफी क्लबचा मालक आणि पानवाला, दोघेही सहज आल्यासारखे.

"आक्का," शेषाद्री म्हणाला, "सांगण्याच्या आधीं एक गोष्ट बघा. ही म्हणते पाऊस. पाऊस नव्हें. वंडी उघडा, आत्तां, सगळ्यांदेखत."

मधुमिताने सीटवर हात ठेवला. "काका, नको. मी दुपारीं उघडतें."

"दुपारीं कां? आत्तां कां नाहीं?"

"काका, ऐका. मी म्हणतें ना, पाऊस आहे तो."

तिचा चेहरा उतरला होता आणि तो उतरलेला चेहरा बघून शेषाद्रीला जे सुख झालं ते सांगायला लाज वाटावी असं होतं. भ्याली, तो मनात म्हणाला. सापडली.

"उघडूं दे त्यांस, मधू," जयलक्ष्मीबाई म्हणाल्या. "वंडी माझी आहे."

मधुमिताने हात काढून घेतला.

शेषाद्रीने सीट उचलली. पाऊस आत शिरला असता तर आधी चार्जिंगच्या सॉकेटात दिसला असता; त्याला चार स्क्रू होते. हात त्याचाच, बत्तीस वर्षांचा. एकेक स्क्रू लोण्यातून निघावा तसा निघाला. चौथा निघाल्यावर त्याने सॉकेट ओढून वर घेतलं, आणि त्याच्या तळव्यावर चमचाभर पाणी सांडलं.

पाणी पिवळं होतं. आतल्या पिनांवर हिरवा थर चढला होता. सॉकेटच्या तळाला, चुकून शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्या भोकात तांदळाचा एक दाणा घट्ट रुतून बसला होता. फुगलेला, एका अंगाने काळा. दुसऱ्या अंगाला अजून कुंकू होतं.

शेषाद्रीने तो दाणा ओळखला. आपल्या हातची अक्षता कोण ओळखणार नाही?

जयलक्ष्मीबाईंनी चष्मा खाली घेऊन बघितलं. "हें काय? हळद? आंत कशी गेली?"

कुणी काही बोलायच्या आत मधुमिता बोलली. "मीच घातली, आक्का. दसऱ्यास दुकानांत पूजा केली, तेव्हां हातून सांडली. माझीच चूक."

तिने हे इतकं सरळ सांगितलं की पायरीवरच्या दोघांनी माना डोलावल्या. जयलक्ष्मीबाईंचं तोंड कठोर झालं. "विजेचं शिकून आलीस ना तूं?" त्या म्हणाल्या. "मग हें तुज कळूं नये?" आणि त्या शेषाद्रीकडे वळल्या. पुढे काय येणार हे त्याला लख्ख दिसत होतं. नऊ गाड्या येणार होत्या. त्यासाठी त्याने काही करायला नको होतं, फक्त गप्प राहायचं होतं.

आणि तो गप्प राहिला. उगीच त्याला थोर करण्यात अर्थ नाही. पानवाला तोंडातली पिचकारी टाकून परत येईपर्यंत शेषाद्री तळव्यावरचं पाणी बघत गप्प उभा राहिला, आणि त्याला ते गप्प राहणं आवडत होतं. मग नजर वर केली ती नेमकी कोनाड्यावर पडली. देवीपुढची स्टीलची वाटी. आतले काळपट-पिवळे तांदूळ. तेव्हा चार-पाच होते, आता आठ-दहा तरी असतील.

पडदा का ओढला होता, ते त्याला आता कळलं. सीट झटकन का पाडली, फुकट तपासणी कसली, पाऊस नसताना पाऊस का म्हणत होती, सगळंच कळलं. पोरगी आठवडाभर एकेका गाडीच्या पोटातून त्याची हळद धूत बसली होती, आणि तो स्टुलावर बसून तिची गिऱ्हाइकं टिपत होता.

"खंडेनवमी, दसरा, ती गांवांतच नव्हती," शेषाद्री म्हणाला. "तंजावरास होती. पाणी मी घातलं, आक्का. माझ्या दारांत, तुमच्यादेखत. नऊही वंड्यांस. तुम्ही हात जोडून उभ्या होतां."

जयलक्ष्मीबाईंना आठवलं. त्या खुर्चीवर बसल्या. कॉफी क्लबच्या मालकाला एकाएकी आपलं दूध उतू जाईल असं वाटलं आणि तो पानवाल्याला घेऊन निघून गेला.

"माझ्या पोरी ह्या वंड्यांवरून दिवस भरलेल्या बायकांकडे जातात, शेषाद्रीराव," बाई म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"होय."

"वंड्या मधूकडे राहतील."

"होय," तो म्हणाला. "तेंच बरोबर."

बाई गेल्यावर दोघंच उरली. मधुमिताने पिना पुसायला घेतल्या. एका बारीक ब्रशवर औषध घेऊन ती हिरवा थर काढू लागली. शेषाद्री स्क्रूड्रायव्हर खिशात घालायचा विसरून तसाच उभा होता.

"मज कां नाहीं सांगितलंस?" त्याने विचारलं.

"सांगितलं असतं तर पुढल्या वर्षीं पळी हातांत घेतली असती कां तुम्ही?"

घेतली नसती. लाजेने नसती घेतली, आणि दोष तिच्यावर ढकलला असता. हे तिला ठाऊक होतं आणि त्यालाही.

तिने चिमट्याने भोकातला दाणा अलगद उपसला, पुढे झाली आणि देवीपुढच्या वाटीत ठेवला. "पूजेची अक्षता," ती जरा ओशाळून म्हणाली. "कचऱ्यांत कशी टाकूं?"

शेषाद्रीच्या पोटात पुन्हा दुखलं. तिची काच, तिच्या खुर्च्या, तिच्या नऊ गाड्या यांचा हेवा त्याने आजवर मनमुराद केला होता. पण हे आपल्याला सुचलं असतं का, असं त्याने स्वतःला विचारलं, आणि उत्तर आलं, नाही. एवढ्या पोरीला सुचलं आणि आपल्याला सुचलं नसतं, याचा हेवा सगळ्यांत वाईट निघाला. त्यावर शिवी देता येत नव्हती.

"उभे कां? बसा की," मधुमिता म्हणाली आणि तिने हवा मारायचं यंत्र त्याच्या हातात दिलं. "आंतल्या तारांवर धरा. थंडच राहूं दे, गरम नको. गरम वाऱ्यानें तारांवरचं रबर जातं."

पूर्वी तिने असं काही शिकवलं असतं तर तो पेटून उठला असता. आता तो रबराच्या चटईवर मांडी घालून बसला आणि तारांवर थंड वारा धरून राहिला. सॉकेट कोरडं व्हायला वेळ लागला. एकदा तिने दाखवलं तेव्हा त्याने वाकून बघितलं. पिना पुन्हा लख्ख झाल्या होत्या.

"पुढल्या खंडेनवमीस मुखांत घालायचं नाहीं तर," तो म्हणाला.

"झाकणावर वरून घाला. पेट्रोलच्या वंडीस घालतां तसं. पण पळी तुमचीच, काका. मज मंत्र येत नाहीं."

"शिकवीन," शेषाद्री म्हणाला.

अकरा वाजले होते. पंकजा कुजा घेऊन दारात आली, नवऱ्याला तिथे चटईवर बसलेला बघून थबकली, आणि काही न विचारता तिने दोन पेले भरले. पहिला मधूला दिला. शेषाद्रीच्या ते लक्षात आलं, नाही असं नाही. मग दुसरा पेला त्याच्या हातात आला, आणि बोटांना चटका बसला. गेल्या वर्षभरात पहिल्यांदाच त्याला कॉफी गरम मिळाली होती.